जात्याचं पुस्तक

पिंगळी स्टेशनच्या अलीकडे रूळ जिथे किंचित वाकतात, तिथे किशनरावांना ते पुस्तक सापडलं. किशनराव रेल्वेत गँगमन होते. खांद्यावर हातोडा टाकून, रूळ घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत ते सकाळी पायी निघायचे. रात्रीच्या कुठल्यातरी गाडीतून कुणाच्यातरी हातून ते पडलं असणार. खडीवर उताणं पडून वाऱ्यावर आपलीच पानं आपण उलटत बसलं होतं. कव्हर गेलेलं, सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय आणि लिहिणारा कोण, याचा पत्ता लागायची सोयच नव्हती. किशनरावांनी ते झटकलं, सदऱ्याच्या आत घातलं आणि पुढची चावी ठोकली.

घरी केशरबाई म्हणजे नवी नवरी. नवऱ्याच्या सदऱ्याखाली काहीतरी फुगलेलं दिसलं तेव्हा त्यांना वाटलं, स्टेशनवरून भजी आणली. निघालं पुस्तक, तेही फाटकं. पुढे कितीतरी वर्षं त्या हसत हसत सांगायच्या, "माज्या घरात सवत आली ती अशी. पोटाशी धरून आणली यांनी."

हसत सांगायच्या, पण त्यात थोडं खरंही होतं. त्या सवतीशी नवऱ्याचं जेवढं बोलणं व्हायचं तेवढं त्यांच्याशी कधी झालं नाही. किशनराव मुळातच कमी बोलणारे. दिवसभर रूळ, हातोडा आणि ऊन, संध्याकाळी घरी आले की "जेवू दे" आणि "दार लाव". मात्र हाच माणूस विहारात पुस्तक उघडून बसला की त्याचा आवाज असा निघायचा, की मालगाडी धडधडत गेली तरी वाक्य तुटायचं नाही. आपला आवाज गाडीच्या आवाजाच्या एक बोट वर ठेवून ते वाचत राहायचे.

पिंगळीच्या बौद्ध वस्तीत वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथाचं वाचन होतं. आधी त्रिसरण, मग पंचशील, मग वाचन. वाचणारा एक आणि ऐकणारी सगळी वस्ती. निंदण-खुरपण करून आलेल्या बाया पायाची माती धुवून बसायच्या, म्हातारी माणसं भिंती धरायची. वाचणारे किशनराव. ज्या वर्षी केशरबाई लग्न होऊन आल्या, त्या वर्षी ग्रंथ समाप्तीच्या अश्विन पौर्णिमेच्या काही दिवस आधीच संपला. आता उरलेल्या दिवसांत काय वाचायचं, असा प्रश्न पडला. किशनराव उठले, घरी गेले आणि सवतीला घेऊन आले.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. सटवाजी नावाचा एक म्हातारा पाथरवट. डोंगरातल्या खाणीवर त्यानं जातं घडवलेलं आहे आणि ते त्याला घरी न्यायचं आहे. कुणासाठी, ते सुरुवातीच्या पानांत असणार, आणि ती पानं तर रुळांवर कुठेतरी उडून गेली. गाढव वाटेत मरतं. दोन्ही दगड एकदम उचलत नाहीत. मग सटवाजी एक दगड दोरीनं पाठीवर बांधतो, नजर पोचेल तिथवर नेतो आणि ठेवतो. मागे फिरतो, दुसरा आणतो. पुन्हा पहिला उचलतो. म्हणजे सगळी वाट तो तीनदा चालतो. वाटेत ओढा लागतो, टवाळ पोरं लागतात, एक व्यापारी एकच दगड विकत मागतो. सटवाजी म्हणतो, "एका दगडाचं काय करशील बाबा?" आणि पुन्हा मागे फिरतो. बस, एवढंच आहे त्यात. पण ते ऐकताना वस्तीतल्या माणसांची पाठ दुखायची.

वाचन झालं की किशनराव पुस्तकावर हात ठेवून विचारायचे, "काय ऐकू आलं?" हा त्यांचा शिरस्ता. विहार समितीचा चिटणीस सिद्धोधन हाडाचा कार्यकर्ता. तो म्हणायचा, "तो दगड म्हंजे समाज हाय, काका. कुणीतरी पाठीवर घ्यावंच लागतंय." सुकेशनी दोन लेकरं घेऊन नवऱ्याच्या घरून निघून आलेली. ती खाली मान घालून म्हणाली होती, "मी अशीच आले. एकाला पुढं बसवायचं, दुसऱ्याला आणायला मागं जायचं." किशनरावांची मुलगी धम्मशीला मोठी झाली, परभणीच्या शाळेत मराठीची बाई झाली. ती म्हणायची की एक दगड म्हणजे शरीर आणि दुसरा म्हणजे मन. आणि केशरबाईंना विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं.

"दगड म्हंजे दगड. जातं काय हलकं असतंय व्हय?"

सगळे हसायचे. किशनरावही हसायचे. केशरबाईंना मात्र कळायचं नाही, की एवढ्याशा पातळ पुस्तकात ही माणसं इतकं कुठून आणून भरतात.

त्या पहिल्याच वर्षी त्यांनी एक घोटाळा केला होता आणि वस्ती तो विसरायला तयार नव्हती. विहारात जे वाचतात ते घडलेलंच असतं, अशी त्यांची पक्की समजूत. ग्रंथातलं सगळं घडलेलं, मग हे तेवढं खोटं कसं असेल? शेवटच्या दिवशी सटवाजी गावाच्या शिवेवर आला होता. त्या संध्याकाळी केशरबाई भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून आल्या आणि गाठोडं त्यांनी वाचणाऱ्याच्या समोर ठेवलं.

"हे कुणाला?" किशनरावांनी विचारलं.

"त्या सटवाजीबाबाला. आज गावात येणार म्हणलाव ना तुमी? उपाशी आसंल की तो."

बाया पदर तोंडात धरून हसल्या. किशनराव हसले नाहीत. त्यांनी पानाकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं. तेवढ्यात मालगाडी आली आणि जन्मात पहिल्यांदा किशनराव गाडी जाईपर्यंत थांबले. मग त्यांनी शेवट वाचला. सटवाजीनं दोन्ही दगड उंबऱ्यापाशी टेकवले, जातं मांडलं, पहिलं पीठ गळालं आणि म्हातारा त्या पिठाची भाकरी खाऊन भिंतीला टेकून झोपला.

पुढच्या वर्षी आणखी चार बायांनी भाकरी आणल्या. मग सगळ्यांनीच. आता तर जात्याच्या पुस्तकाची समाप्ती म्हणजे वस्तीचं जेवणच असतं. टोपल्या भरून भाकरी येतात, आणि सटवाजी घरी पोचल्याशिवाय कुणी घास मोडत नाही. धम्मशीलानं एकदा वडिलांना म्हटलं होतं, "पप्पा, पुस्तक द्या, त्याचं नाव शोधते. नावाजलेलं असणार हे." किशनराव घाईनं म्हणाले, "नाव कशाला? आपल्याला पाठ हाय की." आणि पुस्तक पेटीत गेलं. पाठच होतं सगळ्यांना. त्यामुळे ते स्वतः उघडून वाचावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात किशनरावांना लकवा मारला. सकाळी तोंड धुवायला वाकले आणि तसेच कलंडले. परभणीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात मांडीवर पडून राहायचा आणि जिभेनं तर पार दगाच दिला होता. समजत सगळं होतं. डोळे नीट बघायचे, विचारलं की मान हलायची. पण पाणी हवं असलं तरी 'पाणी' म्हणता येत नव्हतं. ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा आणि मग माणूस डोळे मिटून घ्यायचा. केशरबाई पदर डोळ्याला लावून म्हणायच्या, "आधीच कमी बोलायचे. आता तेवढंबी गेलं."

एका सकाळी वस्तीतल्या बाया भेटायला आल्या आणि खाटेपाशी बसून त्यांनी त्रिसरण म्हटलं. आणि किशनराव त्यांच्याबरोबर म्हणू लागले. स्पष्ट, अडखळल्याशिवाय, शेवटपर्यंत. बाया तोंडं उघडी टाकून बघत राहिल्या. त्यांनी पंचशीलही म्हटलं. ते झाल्यावर केशरबाई धावतच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "आवो, माजं नाव घ्या!" तर पुन्हा ओठ हलले आणि काही आलं नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं होतं. जे वर्षानुवर्षं पाठ आहे ते निराळ्या कप्प्यात असतं, ते शाबूत राहतं.

आणि त्या कप्प्यात जात्याचं पुस्तक होतं.

हे पहिल्यांदा कळलं ते ताकाच्या वेळी. केशरबाईंनी वाटी पुढे केली. किशनरावांनी डाव्या हातानं ती बाजूला सारली आणि विहारातल्या त्या भरीव आवाजात म्हणाले, "सटवाजीनं ओढ्याचं पाणी ओंजळीनं पिलं." केशरबाई दचकल्या. मग हळूच वाटी ठेवली आणि पाण्याचा तांब्या आणला. किशनराव घटाघटा प्यायले. केशरबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

त्या दिवसापासून घरात पुस्तकाची भाषा चालू झाली. "उन्हं पाठीवर आली" म्हणजे खिडकी लाव. "दोर खांद्यात रुतला होता" म्हणजे हाताची पट्टी सैल कर. "वाट अजून सरली नव्हती" म्हणजे जेवण झालेलं नाही, ताट उचलू नको. धम्मशीलाचा फोन आला आणि ती रडायला लागली, तेव्हा किशनराव फोनमध्ये म्हणाले, "एका दगडाचं काय करशील बाबा?" बापानं आपल्याच अर्ध्या अंगाची केलेली थट्टा तीही समजली आणि रडता रडता हसली. केशरबाईंना नवल वाटायचं ते याचं, की पुस्तक तेवढंच, वाक्यं तीच, आणि घरातल्या कुठल्याच गोष्टीला ती कमी पडत नव्हती. लिहिणाऱ्यानं पिंगळी पाहिली नसेल, त्यांचं घर पाहिलं नसेल, पण हाताच्या पट्टीपासून लेकीच्या रडण्यापर्यंत सगळ्याची सोय करून ठेवली होती. ज्या सवतीचा त्यांनी जन्मभर राग केला, तिच्याच तोंडानं आता नवरा त्यांच्याशी बोलत होता, आणि लग्न झाल्यापासून बोलला नव्हता इतकं बोलत होता.

फक्त एक वाक्य काही केल्या उलगडत नव्हतं.

"चुंबळ द्या इकडं."

दुपारी, दोघंच असले की किशनराव हे म्हणायचे. केशरबाईंकडे टक लावून म्हणायचे आणि वाट बघायचे. केशरबाईंनी जुन्या लुगड्याची, डोक्यावर ओझ्याखाली ठेवतात तशी चुंबळ वळून हातात दिली. त्यांनी मान हलवली. उशाखाली ठेवली, टाचेखाली ठेवली, तांब्याखालीसुद्धा ठेवून पाहिली. दर वेळी मान हलायची आणि डोळे भरून यायचे. एकदा तर त्यांनी चुंबळ भिरकावली. केशरबाईही भडकल्या. "मंग काय पायजे तुमाला? डोस्क्यावर ठिवून नाचू का?" असं म्हणाल्या आणि मग स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. धम्मशीलाला विचारलं तर ती म्हणाली, "आई, अशा दुखण्यात भलतेच शब्द येतात. मनावर नको घेऊस." पण भलते शब्द बोलताना माणूस असा बघत नाही, हे केशरबाईंना ठाऊक होतं. नवरा काहीतरी मागत होता, जीव तोडून मागत होता, आणि ते देता येत नव्हतं. त्यांना घास गोड लागेना.

एक गोष्ट त्यांच्या डोक्यात घोळत राहिली. आता यांच्या तोंडून त्रिसरण-पंचशील सोडलं तर पुस्तकाबाहेरचं काही येतच नाही, म्हणजे हेही पुस्तकातलंच असणार. पण पुस्तक तर त्यांनी लग्नापासून दर वर्षी ऐकलेलं. सटवाजी दोरानं पाठीला दगड बांधायचा. त्यात चुंबळ कुठेच नव्हती.

त्यांनी पेटी उघडली आणि सवतीला बाहेर काढलं.

वाचायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. केशरबाईंची शाळा दुसरीत सुटलेली. पुढे प्रौढांच्या वर्गात सही शिकल्या. देवगाव फाट्याच्या बसची पाटी त्या वाचायच्या, पण वाचून होईपर्यंत बस निघून गेलेली असायची. चष्मा लावून खाटेच्या कडेला बसल्या, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर जोडत म्हणाल्या, "स-ट-वा-जी-नं..."

"...दगड खाली ठेवला आणि मागं वळून पाहिलं," किशनराव म्हणाले.

केशरबाईंनी बोट पुढे सरकवलं. खरंच तेच लिहिलं होतं. त्यांनी पुढचा पहिला शब्द लावला. किशनरावांनी बाकीचं वाक्य पुरं केलं. बोट सरकत राहिलं, आवाज येत राहिला, आणि केशरबाईंच्या लक्षात आलं की आवाज आणि अक्षर जोडीनं चालतात तेव्हा अक्षरं आपणहून ओळखी दाखवू लागतात. रोज दुपारी दोघं बसू लागले. सुरुवात केशरबाईंनी करायची, शेवट किशनरावांनी. हळूहळू केशरबाई एका शब्दाऐवजी दोन, मग तीन शब्द स्वतः लावू लागल्या. वाकलेल्या पाठीनं ओढा ओलांडणारा सटवाजी आता त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होता, आणि कानांनी ऐकला होता त्याहून तो म्हातारा फार थकलेला होता. कधी कधी त्या बोट तिथेच ठेवून थांबायच्या. एवढ्या बारीक काळ्या रेघांत एवढा मोठा माणूस मावलाच कसा, असं त्यांना वाटायचं.

अश्विन लागला आणि त्या शेवटच्या पानावर आल्या.

"सटवाजीनं..." त्यांनी वाचलं.

"...दोन्ही दगड उंबऱ्यापाशी टेकवले," किशनराव म्हणाले.

बोट अडलं. पुढे 'दोन्ही' नव्हतं. केशरबाईंना वाटलं, आपलंच चुकतंय. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. किशनराव पुन्हा 'दोन्ही' म्हणाले, पण या वेळी आवाज खाली गेला. कागदावर 'एक' होतं. ए आणि क, यात चुकण्यासारखं काय आहे? केशरबाईंनी वर पाहिलं. किशनरावांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

मग त्यांनी एकटीनं वाचलं. पहिल्यांदाच कुणाच्या आवाजाचा हात न धरता.

'सटवाजीनं एक दगड उंबऱ्यापाशी टेकवला. दुसऱ्यासाठी तो वळला, पण पाय उचलेना. तो भिंतीला टेकून बसला. आतून म्हातारी आली. तिनं दगडाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग वाटेकडे पाहिलं. चुंबळ अडकवलेली खुंटी त्याच्या डोक्यावर होती. ती म्हणाली, "चुंबळ द्या इकडं." त्यानं हात वर करून चुंबळ काढली आणि दिली. म्हातारी वाटेला लागली.'

त्यापुढे कोरी जागा होती. पुस्तक संपलं होतं.

केशरबाईंनी पान उलटून मागे पाहिलं. आधी त्यांना हसू आलं, मग भयंकर राग आला. या पुस्तकात एक बाई होती! ज्या जात्यासाठी म्हाताऱ्यानं तीनदा वाट तुडवली ते तिच्यासाठी होतं आणि शेवटचा दगड आणायला तीच निघाली होती. अख्खी बाई नवऱ्यानं वर्षानुवर्षं मनातल्या मनात वाचून गिळून टाकली होती. समोर ओळीनं बसलेल्या एवढ्या बायांना तिचा पत्ताही लागू दिला नव्हता.

"कामून लपवलाव तुमी हिला?" त्या ओरडल्या. "सांगा की! कामून?"

किशनरावांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. ओठ थरथरले. मग त्यांनी पंचशीलातली एकच ओळ म्हटली, पुढचं-मागचं काही न म्हणता. "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि."

खोटं न बोलण्याचं शील. रोज संध्याकाळी वस्तीला ते म्हणायला लावायचे, स्वतः म्हणायचे, आणि वर्षातून एकदा ते म्हणून झाल्यावर खोटा शेवट वाचायचे. केशरबाईंचा राग जागच्या जागी विरला. त्यांना ते गाठोडं आठवलं, ती थांबलेली मालगाडी आठवली. नव्या नवरीनं उपाशी म्हाताऱ्यासाठी भाकरी आणली होती, सगळी वस्ती तिला हसत होती, आणि या कमी बोलणाऱ्या माणसानं तिचं हसं होऊ नये म्हणून सटवाजीला घरी जेवायला पोचवलं होतं. नंतर भाकरी वाढत गेल्या आणि खरं सांगायची वाट बंद होत गेली. जन्मभर आपल्याशी कुणी प्रेमाचा शब्द बोललं नाही असं त्या समजत होत्या. तो शब्द दर वर्षी भर विहारात बोलला जात होता, आणि सगळी वस्ती ऐकत होती.

त्यांनी किशनरावांचा निर्जीव हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. दगड म्हणजे दगड, असं म्हणणारी बाई आता काय म्हणणार? हा अर्धा पडलेला देह म्हणजे मागे राहिलेला दगड होता. न वाचलेलं पान म्हणजे तोच दगड होता. आणि चुंबळ मागणारा माणूस ती स्वतःसाठी मागत नव्हता, मागे राहिलेला दगड आणायला केशरबाईंनी ती आपल्याकडे मागावी, यासाठी म्हातारीचं वाक्य म्हणून दाखवत होता. एकावर एक किती अर्थ चढले होते त्या तीन शब्दांवर, आणि शब्द वाकले नव्हते. केशरबाईंना भीती वाटावी इतकं ते मोठं वाटलं.

त्या वर्षी विहारात ग्रंथाचं वाचन सिद्धोधनच्या मोबाइलवरून स्पीकर लावून चाललं होतं. आवाज चांगला होता, पण कुणी डुलकी घेतली तर तो थांबायचा नाही. समाप्तीच्या दोन दिवस आधी सिद्धोधन घरी आला आणि म्हणाला, "काकू, जात्याचं पुस्तक तर स्पीकरवर न्हाई. तुमी दोघं बसता का? लोकं लय वाट बघायलेत."

केशरबाई "बसतो" म्हणाल्या, पण तो गेल्यावर शेवटचं पान उघडून बसल्या. खरं वाचलं तर वस्ती म्हणणार, किशनरावांनी इतकी वर्षं फसवलं. लुळ्या हाताचा, मुका झालेला माणूस, आणि त्याच्या इज्जतीला हात घालायचा तो बायकोनंच? खोटं वाचलं तर कुणाला कळणारही नव्हतं. त्यांच्याशिवाय ते पान कुणी पाहिलंच नव्हतं. पण मग ती म्हातारी पुन्हा उंबऱ्याच्या आतच राहणार होती, आणि किशनराव उद्या दुपारी पुन्हा तेच म्हणणार होते.

समाप्तीच्या संध्याकाळी विहार भरला. टोपल्या भिंतीपाशी ओळीनं लागल्या. किशनरावांना खुर्चीत बसवलं, केशरबाई शेजारी पुस्तक घेऊन बसल्या. त्रिसरण झालं, पंचशील झालं. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला किशनरावांचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

केशरबाईंनी शब्द लावला आणि किशनरावांनी वाक्य उचललं. गेलं असं वाटलेला आवाज परत आला होता, आणि त्याच्या पुढे एक नवा, कापरा आवाज वाट दाखवत चालला होता. म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले. थोड्या वेळानं वस्तीही बरोबर म्हणू लागली, कारण पाठ सगळ्यांनाच होतं. शिव आली, गावाची झाडं आली, उंबरा आला.

"सटवाजीनं," केशरबाईंनी वाचलं.

"दोन्ही दगड..." वस्ती म्हणाली.

"थांबा," केशरबाई म्हणाल्या. वस्ती थांबली. किशनराव गप्प होते, खाली बघत होते. केशरबाईंनी बोट टेकवलं आणि वाचलं. एक दगड. पाय उचलेना. आतून म्हातारी आली. प्रत्येक शब्दाला त्यांनी त्याचा वेळ दिला. "चुंबळ द्या इकडं" हे त्यांनी किशनरावांकडे बघून वाचलं. म्हातारी वाटेला लागली, आणि पुस्तक संपलं.

मग केशरबाई म्हणाल्या, "खरं हे हाय. यांनी कधी वाचलं न्हाई. मी भाकर घेऊन आले म्हणून वाचलं न्हाई. माजी लाज राखायला खोटं बोलले. काय म्हणायचं ते मला म्हणा."

बाया एकमेकींकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यांवर राग नव्हता. रुळाच्या बाजूनं अंधारातून एखादं माणूस येताना दिसावं तशा त्या दाराकडे बघत होत्या. सुकेशनी पुढे सरकली.

"मंग काकू, ती पोचली का दगड घेऊन?"

"पुस्तकात न्हाई, माय," केशरबाई म्हणाल्या. "पुस्तक इथंच सरतंय."

तेव्हा खुर्चीतून घरघर ऐकू आली. किशनरावांचे ओठ हलत होते. मान ताठ झाली होती, कपाळावर घाम आला होता. केशरबाईंना वाटलं, पुन्हा काहीतरी झालं, आणि त्या धसकून उठल्या. किशनरावांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट घट्ट धरलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि एकेक अक्षर ओढून आणावं तसं म्हणाले, "पो... पोचली."

केशरबाई खाली बसल्या. पुस्तकाचा शब्द न् शब्द आता त्यांच्या डोळ्यांखालून गेला होता, आणि हा शब्द त्यात कुठेही नव्हता. दुखणं आल्यापासून किशनरावांनी स्वतःचा म्हणून उच्चारलेला तो पहिला शब्द होता.

"परत पदरचं घातलाव ना?" त्या रडत म्हणाल्या. पण त्यांनी ते दुरुस्त केलं नाही.